रिकाम्या फेरीतला दिवा

पिठाच्या गिरणीत आपण नुसता डबा ठेवून येत नाही, सोबत दोन शब्द सांगतो. भाकरीचं आहे, बारीक घ्या. लाडवाचं आहे, रवाळ राहू द्या. गिरणीवाला मान हलवतो आणि खटका फिरवतो. माझं काम कुणाला समजावून सांगायची वेळ आली की मी गिरणीपासूनच सुरू करते, कारण कंपायलर म्हणजे तरी दुसरं काय आहे? आपण लिहिलेला प्रोग्रॅम एका बाजूनं टाकायचा, दुसऱ्या बाजूनं चिपला पचेल असं पीठ पडतं. टाकताना जे दोन शब्द सांगायचे त्यांना ऑप्शन म्हणतात. एक आडवी रेघ आणि तिच्यापुढं एखादं अक्षर. लहान कर, जलद कर, चुका दाखव, असलं काहीबाही. पुस्तकात त्यांना फ्लॅग असंही म्हटलेलं असतं, पण मी आपली खटकाच म्हणत आले.

गिरणीवाल्यानं 'बारीक' ऐकून जाडसर दळलं तर भाकरी थापताना कळतं. कंपायलरनं तसं केलं तर ते कुठं कळतं, हे मला गेल्या दसऱ्यानंतर समजलं. शहराबाहेर शेंद्र्याच्या बाजूच्या एका घरात, कोंबडीच्या अंड्यांवर.

आमचं वर्कशॉप उस्मानपुऱ्यात, मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीत. दोन खोल्या, वर पत्रा. शेवयाच्या मशीनचा टायमर, बोअरच्या मोटरीचा स्टार्टर, असल्या लहान यंत्रांचे बोर्ड इथं तयार होतात. मी आले ती बोर्डावर डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर मागं राहिला. मालक वयानं माझ्यापेक्षा लहान, मला मावशी म्हणतात. म्हणाले, "मावशी, तुम्ही त्याच्या पाठीमागं उभ्या राहून बघायच्या ना? मग आता बसा." बसले. डिक्शनरी मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि पुढ्यात ते मॅन्युअल.

मॅन्युअल म्हणजे कंपायलर बनवणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक. कुठला खटका दाबला की काय होतं, हे त्यात असतं. मालकांनी ते छापून, स्पायरल बांधून आणून दिलं होतं. माझं इंग्रजी मी स्वतःच हातानं शिवलेलं आहे, त्यामुळं ते कुठं उसवेल याचा नेम नसतो. एकेका वाक्यावर दुपार जायची. समजलेल्या वाक्याखाली लाल रेघ ओढायची आणि समासात त्याचं मराठी लिहायचं, असं करत पुस्तक वापरून वापरून चिंध्या व्हायला आलं. पण एक सांगते, त्यात जे लिहिलं होतं ते तसंच होत होतं. त्याच्या भरवशावर मी म्हातारी झाले म्हटलं तरी चालेल.

तर ती शेंद्र्याकडची. एका घरची सून, तिशीतली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाईनवर कंत्राटात उभी राहायची. पाय सुजायचे, सुट्टी मागितली की सुपरवायझर तोंड फिरवायचा. ते सोडून तिला घरी गावरान पिल्लं काढायची होती. कोंबड्या लोकांच्या, अंडी लोकांची, उबवायचं मशीन हिचं. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. शेळी तुमची, सांभाळ माझा, करडं निम्मी निम्मी. हिनं तोच कायदा अंड्यांना लावला. घरोघर फिरून अंडी जमवायची, निघालेल्या पिल्लांपैकी निम्मी ज्याची त्याला परत. कुणाचं अंडं कुठलं हे कळावं म्हणून ती पेन्सिलीनं त्यावर खूण करायची. कडुलिंबाखालच्या घराचं झाड, विहिरीवाल्यांचा गोल, जावेच्या घराची फुली.

पहिल्यांदा आली तेव्हाच तिनं सगळं पुढ्यात मांडलं.

"मावशी, बाया अंडी देत्यात ती माझ्या शब्दावर. पहिल्या खेपेला पिल्लं नाय निघाली ना, तर गावात मला परत कुणी अंडं देत नसतंय. मग मी हाय आन् कंपनीची लाईन हाय."

"आणि घरचे?"

"सासू म्हणती, खुडूक कोंबडीला कुठं बटन असतंय? आमच्या काळात ती आपली आपण बसायची."

मशीनचा सांगाडा केला छावणीत पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांनी. पत्रा, जाळी, ट्रे, मोटर, गियर हे त्यांचं. बोर्ड आणि प्रोग्रॅम माझा. अंडी उबवताना एकाच कुशीवर ठेवून चालत नाहीत, हे ज्यांनी कोंबडी बसलेली बघितली त्यांना सांगायला नको. ती चोचीनं अंडी सारखी फिरवत असते. मशीनमध्ये तेच काम ट्रे करतो. उजवीकडं झुकायचं, जरा वेळ तसंच राहायचं, मग डावीकडं यायचं. ही चाल बघायला आम्ही खरी अंडी वापरत नाही, लिंबं ठेवतो. आकार जुळतो आणि पडलं तर फुटत नाही. ती आली त्या दिवशी लिंबं ट्रेभर मांडून चालवून दाखवलं. ट्रे झुकला, मोटर थांबली, जरा वेळ सगळं शांत, मग उलटा फिरला. लिंबं जागची हलली नाहीत.

ती वाकून बघत होती. म्हणाली, "लई छान. पण उलटं फिरायच्या आधी त्याला अजून जरा दम घिऊ द्या. कोंबडी कशी, फिरवती, थांबती, बघती."

चाचा लगेच म्हणाले, "देखो बाई, मुर्गी की कंपनी खोली इसने. बोले सो करो."

म्हटलं, करते, दसऱ्यानंतर घेऊन जा.

आता हा दम कसा घेतात ते सांगायला हवं. आमच्या त्या लहानशा चिपला 'थांब' म्हटलेलं कळत नाही. म्हणून तिला मोजायला लावायचं. एकपासून सुरू कर, अमुक आकड्यापर्यंत मोज, आणि मोजताना दुसरं काही करू नकोस. मोजून होईपर्यंत मोटर बंद राहते. याला मी रिकामी फेरी म्हणते. जास्त थांबायचं असेल तर आकडा वाढवायचा. बस. आणि चिपमध्ये जागा इवलीशी, म्हणून 'लहान कर' हा खटका दाबल्याशिवाय आमचा प्रोग्रॅम तिच्यात मावत नाही. हा खटका दाबला की कंपायलर प्रोग्रॅममधलं जास्तीचं काढून टाकतो. मग तो रिकाम्या फेऱ्यापण काढून टाकेल का? ही शंका मला सुरुवातीलाच आली होती, आणि मॅन्युअलमध्ये तिचं उत्तर होतं. या खटक्यानं रिकाम्या फेऱ्यांना हात लागत नाही, लोक त्या थांबण्यासाठी वापरतात म्हणून त्या जशाच्या तशा ठेवल्या जातात. त्या वाक्याखाली माझी लाल रेघ दुहेरी आहे.

खंडेनवमीला वर्कशॉपची झाडलोट असते. मालकांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीवर आली होती. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडून मागून घेतला. आतली धूळ ब्रशनं काढली, पंखा पुसला, आणि आतलं सॉफ्टवेअरही झाडून काढलं. कंपायलरसुद्धा नवा आणून बसवला. "आजी, सगळं अपडेट केलंय. आता कसं चकाचक!" मग पाटावर पक्कड, सोल्डरगन, मीटर मांडलं आणि सगळ्यांच्या वर माझं मॅन्युअल. पूजेला मी बसत नाही. दसऱ्याला आम्ही पांढरं नेसून लेणीवर जातो, माझी तयारी आदल्या दिवसापासून चाललेली असते. पण मालकीणबाई दरवर्षी कुंकवाचं बोट पुस्तकाजवळ नेऊन मला हाक मारतात, "मावशी, लावू ना?" आणि मी दरवर्षी म्हणते, "पानांना नको, कव्हरला लावा." त्यामुळं त्या कव्हरचा मूळ रंग कोणता, हे आता मलाही आठवत नाही. वर झेंडूचं फूल.

दसरा झाला. मी तो एक आकडा वाढवला, प्रोग्रॅम कंपायलरमधून काढला, चिपमध्ये भरला. लिंबं ठेवून परत बघायचं म्हटलं, तर ती मालकीणबाईंनी तोवर लोणच्याला घातली होती. एक आकडा तर बदललाय, म्हणून कुणी दुसरी आणायला गेलं नाही. चाचांनी मशीन टेम्पोत घालून पोचवलं.

तिसऱ्या प्रहरी फोन आला.

"मावशी, ह्यो ट्रे लाथ मारतोय."

"लाथ?"

"झुकतो आन् लगीच उलटा. थांबतच नाय. मी आधी थोडीच अंडी ठिवली व्हती म्हणून बरं. खाडकन् आवाज आला आन् दोन फुटली."

मागून कुणीतरी बोलत होतं. तिनं फोनवर हात ठेवला, तरी ऐकू आलंच. "फुलीचीच बरी फुटली! बाकी कुणाची नाय दिसली त्याला." ती जाऊ होती.

"बाकीची काढून घेतली का?" मी विचारलं.

"काढली. रांजणामागं वाळूत ठिवलीत, गारव्याला. हातानं फिरवती. पण मावशी, आठवड्याच्या वर अंडं टिकतं, त्यातला जीव टिकत नाय. आन् बाया दारावरनं जाता जाता इचारत्यात."

मशीन परत आलं. गोतावळा जमला आणि पहिला आळ चाचांवर गेला, कारण झटका मारताना मोटर दिसते, प्रोग्रॅम दिसत नाही. मालक म्हणाले पट्टा ढिला असेल. मी म्हणाले गियरमध्ये ढिलाई असेल. चाचांनी दोघांकडं बघितलं, पान थुंकून आले, मोटर सोडवून टेबलावर घेतली आणि तारा हातात धरून स्वतःच चालवली. उजवीकडं. थांबली. डावीकडं. लोण्यासारखी.

"अब बोलो, मेरेकू कायकू कोसते? मेरी मोटर तो बोले सो सुनती. तुमकू बोलना नै आया."

"चाचा, प्रोग्रॅम तोच आहे. मी थांबायचं कमी नाही केलं, वाढवलंय."

"हौ, बढाए. और वो इत्ता डर गया के रुकनाच भूल गया."

सगळे हसले, मीही हसले. पण मला ते बोलणं लागलं नव्हतं, अडकलं होतं. थांबणं वाढवल्यावर ते नाहीसं कसं होईल? मी बसले आणि आकडा दहापट केला. दहापट म्हणजे ट्रेनं चहा होईपर्यंत थांबायला हवं होतं. मालकीणबाईंनी लिंबं परत आणून दिली, या वेळी मोजून. चालवलं. ट्रे झुकला आणि तितक्याच घाईनं उलटा आला. लिंबं टेबलाखाली. आणखी वाढवला. तेच. कमी केला. तेच. भाजीत मीठ दहापट टाकून चव बदलत नसेल तर मीठ भाजीत पडतच नसलं पाहिजे, एवढं मला कळलं. रिकामी फेरी चिपपर्यंत पोचतच नव्हती.

मग मी पुस्तक उघडलं. लाल दुहेरी रेघ. वाक्य जिथल्या तिथं. मी ते पुन्हा वाचलं, डिक्शनरी काढून परत वाचलं. आता मला कुणाची शंका आली असेल? माझी. इतकी वर्षं मी या वाक्याचा उलटाच अर्थ लावून बसले असेन, आणि काम आपोआप बरोबर होत गेलं असेल, असंच मला वाटलं. तिकडं वाळूत अंडी पडलेली, आणि मी इकडं एका वाक्यातला शब्द न् शब्द सोलत बसलेली.

मालकांच्या मुलीला बोलावलं. म्हटलं, "बाळा, याचा अर्थ सांग. मी काय समजले ते मी आधी सांगणार नाही."

तिनं वाचलं. "रिकाम्या फेऱ्या तशाच ठेवतो म्हणतंय, आजी."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही समासात लिहिलंय तेच आहे की." मग तिनं कव्हर बघितलं, कुंकू बोटाला लागलं. "पण आजी, हे पुस्तक जुन्या कंपायलरचं आहे. मी नवा टाकला ना खंडेनवमीला. नव्यात नियम बदलला असणार. माझ्याच हातानं झालं म्हणायचं."

हे पटण्यासारखं होतं. पुस्तक जुनं, कंपायलर नवा, दोघांचं जमत नाही, मिटलं. तिनं लगेच नव्या कंपायलरचं मॅन्युअल नेटवर उघडलं, त्या खटक्याचं पान काढलं. आम्ही दोघी स्क्रीनवर वाकलो. आणि तिथं तेच वाक्य. शब्दसुद्धा तेच. रिकाम्या फेऱ्यांना हात लागत नाही.

तिनं ते पान परत वरपासून वाचलं. मग म्हणाली, "मग आपलंच काहीतरी चुकतंय."

बघा, तिलाही तेच वाटलं. ती चार बुकं जास्त शिकलेली, पण पुस्तक आणि आपण यांत आधी आपल्याकडं बोट, ही सवय दोघींची एकच. विहारात दर पौर्णिमेला आम्ही ऐकतो की ग्रंथात लिहिलं आहे एवढ्यासाठी कुठलीही गोष्ट मानू नये, स्वतः पारखून घ्यावी. मी तिथं पहिल्या रांगेत बसते आणि मान डोलावते. ते ऐकलेलं त्या स्पायरल बांधलेल्या पुस्तकालाही लागू आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला फूल वाहत नव्हते, एवढाच काय तो फरक.

"बाजूला ठेव सगळं," मी म्हटलं. "ट्रे नको, मोटर नको, हा प्रोग्रॅमही नको. एक दिवा घेऊ."

बोर्डावरचा मोहरीएवढा दिवा घेतला. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. दिवा लाव, रिकामी फेरी, दिवा विझव, रिकामी फेरी, आणि हेच परत परत. आधी खटका न दाबता काढला. दिवा डोळे मिचकावल्यासारखा उघडझाप करायला लागला, मध्ये व्यवस्थित थांबत. मग तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, खटका दाबून काढला. दिवा मंद आणि एकसारखा पेटून राहिला. म्हणजे तो इतक्या घाईनं उघडझाप करत होता की डोळ्यांना दिसतच नव्हतं. थांबणं गेलं होतं. मुलीनं तिच्या मोबाईलमध्ये दोन्हींचा व्हिडिओ काढला आणि पुस्तकातल्या त्या वाक्यावर मोबाईल ठेवला.

"आजी, हे खोटं बोलतंय."

"खोटं नाही गं. लिहिणाऱ्यानं कधीकाळी खरं लिहिलं असेल. नंतर आतला कारागीर बदलला, दारावरची पाटी तशीच राहिली."

चाचा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना सगळं सांगितलं. कंपायलरनं बघितलं, ही फेरी मोजते आणि मोजून काही करत नाही, म्हणजे रिकामटेकडी आहे, काढून टाका. "अच्छा," चाचा म्हणाले, "रुकने को वो काम नै समझता. हमारा ठेकेदार भी ऐसाच है."

मग आता करायचं काय? खटका सोडला तर प्रोग्रॅम चिपमध्ये मावत नाही. मुलगी म्हणाली, जुना कंपायलर परत टाकू. टाकता आला असता, पण उद्या पुन्हा कुणी झाडलोट करेल, पुन्हा कुणाची तरी अंडी फुटतील. मला वाटलं, रिकामी म्हणून काढतोय ना, मग तिला काम देऊ. फेरीच्या आत मी तो मोहरीएवढा दिवाच बसवला. मोजता मोजता दर काही आकड्यांनी दिवा लाव, विझव. बाहेर प्रकाश पडतोय म्हटल्यावर ती फेरी काढून टाकायची कंपायलरची छाती होईना. खटका दाबून काढलं, भरलं, लिंबं मांडली. ट्रे उजवीकडं झुकला आणि थांबला. दिवा थरथरत राहिला, पणतीला वारा लागावा तसा. मग तो विझला आणि ट्रे सावकाश डावीकडं आला. लिंबं जागेवर. घड्याळ लावून आकडा जरा कमीजास्त केला, तेवढंच.

मालकीणबाई म्हणाल्या, "झालं का? लिंबं घेऊ?"

"आज नाही. तिच्या घरी पोचेपर्यंत नाही."

या खेपेला मी स्वतः टेम्पोत बसले. तिच्या घरी गेले तेव्हा सासू ओट्यावर ज्वारी निवडत होती. म्हणाली, "आलं का परत ते लाथाडं?" आतल्या खोलीत, रांजणामागं, वाळूत अंडी ओळीनं ठेवलेली. झाड, गोल, फुली. सुनेचे डोळे खोल गेले होते, पण ती एकेक अंडं उचलून वळवत होती, जसं काही दुसरं काम जगात नाही. मशीन जोडलं. मी माझ्यासमोर ट्रे चार वेळा फिरवायला लावला, लिंबांवर. मग तिनं लिंबं काढली आणि अंडी मांडली. पहिला झुकाव झाला. दिवा थरथरला. ट्रे फिरला. आवाज नाही.

"ह्यो दिवा कशाचा?" तिनं विचारलं.

म्हटलं, "तो काही करत नाही. पण तो आहे म्हणून ट्रे थांबतो."

तिला ते फार विचित्र वाटलं नाही. मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मधल्या दिवसांत ती फोन करायची. अंधाऱ्या खोलीत अंडं बॅटरीवर धरून आत बघायचं असतं. कोळ्याच्या जाळीसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय, नुसतं पिवळं दिसलं तर नाही. काही नुसती पिवळी निघाली, ती तिनं काढून टाकली. वाळूत पडून राहिल्यानं गेली का आधीचीच तशी होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिनंही विचारलं नाही.

कंपायलर बनवणाऱ्यांना मी कळवलं. मुलीनं भाषा नीट करून दिली, दिव्याचे दोन्ही व्हिडिओ जोडले. उत्तर आलं, सभ्य होतं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, कंपायलर मुद्दामच असं करतो, मॅन्युअलमधलं वाक्य काढायचं राहून गेलं होतं, आता काढलं आहे. म्हणजे पुस्तक दुरुस्त झालं, गिरणी तशीच राहिली. नेटवर आता ते वाक्य नाही. माझ्या स्पायरलच्या पुस्तकात मात्र आहे, लाल दुहेरी रेघेसकट. शेजारी मी मराठीत लिहून ठेवलं: दिव्यावर बघून घेणे.

पिल्लं निघायच्या दिवशी तिनं बोलावलं. मी पोचले तेव्हा मशीनच्या काचेतून ओली, चिकटलेली, चिडकी पिल्लं एकमेकांवर चढत होती. सगळी निघाली नव्हती. पण निम्म्याच्या बरीच वर होती आणि आवाज तर दुप्पट. बाया दारात टोपल्या घेऊन उभ्या. ती टरफलावरच्या खुणा बघून वाटणी करत होती. झाडाची ही, गोलाची ही. फुलीची दोन फुटली होती. तेवढी पिल्लं तिनं स्वतःच्या निम्म्यातून काढून जावेच्या टोपलीत टाकली. जावेनं मोजली, परत मोजली आणि गेली.

सासू आत डोकावली. "निघाली ना पिल्लं? मग आता तो दिवा तरी बंद करा. उगंच जळतोय."

"आत्या, तो बंद केला तर पुढच्या खेपेला ट्रे लाथ मारंल."

"काय बाई एकेक. दिवा जळतो म्हणून ट्रे थांबतो!" सासू माझ्याकडं बघून म्हणाली. मी मान हलवली.

चहा झाला आणि मी निघायला पायात चपला घालत होते. तेवढ्यात जाऊ परत आली. पदरात काहीतरी जपून धरलेलं. ओट्यावर टेकली आणि पदर सोडला. नवी अंडी होती, फुली तिनं घरूनच काढून आणली होती, ठसठशीत.

"घी," ती सुनेला म्हणाली. "पण माझी त्या दिव्याच्या जवळ ठिव. मागल्या खेपेला दिवा नव्हता, म्हणून फुटली."

सून माझ्याकडं बघून हसू दाबत होती. त्या दिव्याचा आणि जवळच्या अंड्यांचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं, तिलाही आता माहीत होतं. तिनं अंडी घेतली आणि दिव्याच्या बाजूच्या रांगेत ठेवली.